दोन वर्षांची मुलगी, वजन ८ किलो ६०० : "आपली मुलं मुळातच लहान असतात" हे खरं आहे का?

कीर्ती_रामबाग

नमस्कार सगळ्यांना. मी इंदूरचीच, रामबागेत वाढलेली, सध्या एमएसडब्ल्यूचं (समाजकार्य) शेवटचं वर्ष चालू आहे. फील्डवर्कला दर मंगळवारी बाणगंगेकडच्या एका बस्तीत अंगणवाडीवर जाते, तिथे दीदींना वजन-उंची घ्यायला मदत करते. प्रश्न लांबलाय पण प्लीज पूर्ण वाचा, पंधरा दिवस झाले डोक्यातून जात नाहीये.

एक मुलगी आहे तिथे, दोन वर्षांची. वजन ८ किलो ६००, उंची ७८ सेमी, दंडाला पट्टी लावली तर १३ सेमी म्हणजे हिरव्यात. पण वजनाच्या तक्त्यात ती पिवळ्या पट्ट्यात येते आणि उंचीत तर खालच्या रेषेच्याही खाली. आणि पोरगी मस्त आहे हो, खेळते, बडबड करते, माझी ओढणी धरून पळते. दीदींनी तिचं नाव कुपोषित मुलांच्या यादीत घातलं तर तिची आजी खूप चिडली, म्हणाली "हमारे यहाँ सब ऐसे ही हैं, इसका बाप भी छोटा, माँ भी छोटी, अब क्या खींच के लंबा कर दें?" त्यांना वाटतं यादीत नाव आलं म्हणजे हे लोक पोरीला उपाशी ठेवतात असं कोणीतरी लिहून ठेवलं. कुटुंब धारकडचं आहे, बाप बेलदारीला जातो, आई चार घरची कामं करते आणि तिला परत दिवस गेलेत. मग त्यांनी एका प्रायव्हेट डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले हे चार्ट फॉरेनचे असतात, आपली मुलं मुळातच लहान, काळजी करू नका, आणि टॉनिक लिहून दिलं.

घरी जेवताना सांगितलं तर मामापण तेच म्हणाला, पंजाब्यांची मुलं धिप्पाड, आपली ठेंगणी, हे जात्याच असतं, तू उगाच त्या बाईला घाबरवू नकोस.

आता मला खरंच कळत नाहीये. तो तक्ता नक्की कोणाच्या मुलांवरून बनवलाय? आपल्या मुलांना तो लावणं बरोबर आहे का? आणि लहान असूनही मूल खेळतंय-हसतंय तर बिघडलं कुठे? आणि बिघडलं असेलच तर मी त्या आईला नेमकं काय सांगू, कारण "चांगलं खायला द्या" असं त्या घरात जाऊन म्हणायला माझी जीभ वळत नाही. तूप-साखर वाढवा असं सांगू का? इथे कोणी डॉक्टर किंवा या फील्डमधले असतील तर सांगा. पुढच्या मंगळवारी परत जायचंय.

सुदामानगर_काका

कीर्ती बेटा, प्रश्न अगदी मुद्द्याचा विचारलास. मी तीस वर्षं कम्युनिटी मेडिसिन शिकवलं, आता रिटायर आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

त्या डॉक्टरांचं म्हणणं २००६ च्या आधी कोणी केलं असतं तर मी अर्धं मान्य केलं असतं. तेव्हा जगभर जो तक्ता वापरला जायचा तो अमेरिकेचा होता, आणि त्यातला दोन वर्षांखालच्या बाळांचा भाग ओहायो राज्यातल्या एका छोट्या गावाच्या आसपासच्या मुलांवर बेतलेला, बहुतेक गोरी, खात्यापित्या घरची, आणि बरीचशी बाटलीच्या दुधावर वाढलेली. तो तक्ता झाबुआच्या बाळाला का लावायचा, हे विचारणं बरोबरच होतं.

म्हणूनच डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटना) नवा अभ्यास केला, १९९७ ते २००३. सहा देश घेतले : ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका. भारतातून दक्षिण दिल्ली. साधारण साडेआठ हजार मुलं. आणि निवडताना अट अशी ठेवली की आई सिगारेट ओढत नसावी, बाळाला अंगावरचं दूध मिळावं, घरची परिस्थिती अशी असावी की वाढीला अडथळा येऊ नये, लस-औषधपाणी वेळेवर व्हावं. म्हणजे जगातली मुलं कशी वाढतात ते मोजायचं नव्हतं, अडचण नसेल तर मूल कसं वाढतं ते बघायचं होतं. हा फरक नीट लक्षात घे, तक्त्याचा सगळा अर्थ त्यातच आहे.

आणि निघालं काय? मुलांच्या लांबीत जो कमीजास्तपणा दिसला त्यातला सुमारे ३ टक्केच देशादेशांमुळे होता, आणि ७० टक्के एकाच गावातल्या एका मुलात आणि दुसऱ्या मुलात. दिल्लीची मुलं, ऑस्लोची मुलं, अक्राची मुलं, पहिली पाच वर्षं जवळजवळ एकाच चालीने वाढली. त्यामुळे "फॉरेनचा चार्ट" हे आता म्हणता येत नाही, त्यात आपली मुलं आहेत. पाच वर्षांनंतर मात्र आपले बालरोगतज्ज्ञ भारतीय मुलांचे वेगळे तक्ते वापरतात, कदाचित त्या डॉक्टरांच्या मनात तेच असतील.

तुझ्या आकड्यांवर येतो. दोन वर्षांच्या मुलीची तक्त्यातली मधली उंची ८६ सेमीच्या जवळपास आणि खालची रेषा ८० च्या आसपास. ७८ म्हणजे खुजेपणात (वयाच्या मानाने उंची फार कमी) आली. पण उंचीच्या मानाने वजन बघितलं तर ती फारशी खाली नाही, दंडही हिरवा. म्हणजे आत्ता ती उपाशी किंवा सुकलेली नाहीये, जिवाला आज धोका नाही. तिची वाढ खूप दिवसांपासून हळूहळू मागे पडत गेलेली आहे, बहुतेक पोटात असल्यापासून. म्हणून खेळते-हसते आणि तरी तक्ता खाली दाखवतो, दोन्ही एकाच वेळी खरं आहे. आजीला हे असंच सांग, "आज आप बच्ची को भूखा नहीं रख रहे" हे आधी सांग, मग बाकीचं.

अनघा_राजेंद्रनगर

काका खूप छान समजावलंत. पण एक शंका आहे, रागावू नका. मी डेटाचं काम करते म्हणून एनएफएचएस-५ म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेचा रिपोर्ट बघितला होता (२०१९-२१ चा). त्यात सगळ्यात गरीब पाचव्या हिश्श्यात ४६ टक्के मुलं खुजी आहेत ते समजू शकतो, पण सगळ्यात श्रीमंत पाचव्या हिश्श्यातसुद्धा २३ टक्के निघालीत. त्यांच्याकडे तर खायला कमी नाही ना? मग मामांचं म्हणणं अगदीच टाकाऊ कसं म्हणायचं?

आणि दुसरं, आपलं इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, घाणीमुळे मुलं खुजी राहतात असं खूप वाचलंय, तर तो भाग आता इथे लागू नाही का?

सुदामानगर_काका

अनघा, रागावण्याचा प्रश्नच नाही, माझे विद्यार्थी पण दर वर्षी हेच विचारायचे.

सर्व्हेतला श्रीमंत हिस्सा म्हणजे देशातला वरचा पाचवा हिस्सा, त्यात फ्रिज-मोटरसायकलवालं साधं घरही येतं. दक्षिण दिल्लीच्या निवडक घरांशी त्याची बरोबरी नाही. आणि आज घरात पैसा असला तरी आई ज्या घरात वाढली ते घर कदाचित गरीब असेल. आईची उंची ही तिच्या स्वतःच्या बालपणाची नोंद आहे, आणि बुटक्या, कृश आईचं बाळ जन्मतःच कमी वजनाचं येतं. एका पिढीत पैसा येतो, शरीराला दोन-तीन पिढ्या लागतात. "माँ भी छोटी" हे आजीचं निरीक्षण बरोबर आहे, कारण तेवढं वेगळं असू शकतं. आणि हे बदलतंही आहे. मध्य प्रदेशात खुजी मुलं २०१५-१६ ला ४२ टक्के होती ती पाच वर्षांत ३५.७ वर आली. जात्याच असतं तर पाच वर्षांत कसं हललं असतं?

स्वच्छतेचा प्रश्न मात्र अवघड आहे. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेमध्ये याच प्रश्नावर मोठे प्रयोग झाले, २०१८-१९ च्या सुमाराला निकाल आले. काही घरांना संडास, हात धुण्याची सोय, क्लोरिनचं पाणी दिलं, काहींना बाळासाठी जादा पूरक आहार, काहींना दोन्ही. सगळ्यांना वाटत होतं संडास-पाण्याने उंची वाढेल. नाही वाढली, तिन्ही देशांत नाही. पूरक आहाराने वाढली, पण थोडीशी. झिम्बाब्वेत खुजेपणा ३५ वरून २७ टक्क्यांवर आला, तोही आहाराने. यावर अजून वाद चालू आहे, काहींचं म्हणणं एका घरात संडास बांधून काय होणार, अख्ख्या वस्तीचं मैलापाणी, कोंबड्या-बकऱ्या, अंगणातली माती सुधारली पाहिजे. मला हे पटतं. रस्ता झाडलेला असणं वेगळं आणि रांगतं बाळ जिथे हात टेकतं ती जमीन वेगळी.

सांख्यिकीचे_आजोबा

हा विषय निघाला आणि राहवलं नाही. "लहान पण निरोगी" हा वाद आपल्या मराठी माणसांनीच एके काळी पुण्यात बसून लढवलेला आहे, आणि तुमच्या पिढीला तो माहीतच नाही याचं मला वाईट वाटतं.

पां. वा. सुखात्मे, साताऱ्याकडच्या बुध गावचे, जन्म १९११. संख्याशास्त्रज्ञ, अनेक वर्षं रोमला एफएओमध्ये (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) सांख्यिकी विभागाचे प्रमुख, मग पुण्याला परतले. इकडे गोखले इन्स्टिट्यूटमध्ये अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये गरिबीचा हिशेब मांडला, त्यात माणशी रोज २२५० कॅलरी ही रेघ धरली, त्याखाली जो तो अपुरं खाणारा. सुखात्म्यांचं म्हणणं, अहो, ही तर सरासरी आहे, सरासरीच्या खाली तर धडधाकट माणसंही असणारच. शिवाय एकाच माणसाचं खाणं आठवड्या-आठवड्याला बदलतं, या आठवड्यात १९०० खाल्लं तर पुढच्यात २३०० खाईल, शरीर आपलं आपण जुळवून घेतं, एका दिवसाच्या मोजमापावर कोणाला उपाशी ठरवू नका. म्हणून त्यांची रेघ बरीच खाली होती आणि त्यांच्या हिशेबात उपाशी माणसं बरीच कमी निघायची. दांडेकरांना हे अजिबात मान्य नव्हतं, दोघांनी एकमेकांना लेखांतून उत्तरं दिली, मी तेव्हा तरुण होतो आणि एकेक अंक लायब्ररीत जाऊन वाचत होतो.

मग ८०च्या दशकात डेव्हिड सेकलर नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने एक पाऊल पुढे टाकलं, की बरीचशी खुजी मुलं ही लहान पण निरोगी आहेत, त्यांना कुपोषित म्हणू नये. त्यावर आपले सी. गोपालन, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे, फार तळमळून लिहीत राहिले. त्यांचा मुद्दा असा की शरीर जुळवून घेतं ते फुकट नाही, मोठा माणूस कमी काम करून जुळवतो आणि मूल वाढ थांबवून जुळवतं, आणि हे "निरोगी" गरिबांच्याच मुलांना का लावायचं, श्रीमंतांच्या मुलांना कोणी लावत नाही. कीर्ती, तुझ्या मामाला एवढं एकच विचार.

पण सुखात्म्यांवर अन्याय नको. आकड्याला आकडा म्हणून तपासा हा त्यांचा आग्रह योग्यच होता, आणि पोट सतत बिघडलेलं असेल तर घातलेलं अन्न अंगी लागत नाही, म्हणून नुसतं धान्य वाटू नका, शुद्ध पाणी द्या, हे ते फार लवकर सांगत होते. वर काका जे बांगलादेशचे प्रयोग सांगतायत ते म्हणजे त्याच प्रश्नाची पुढची पायरी समजा.

आणि लहानपणी कमी पडलेलं पुढे कुठे दिसतं याचा सगळ्यात पक्का पुरावा ग्वाटेमालाचा आहे. चार खेडी घेतली, १९६९ ते १९७७. दोन गावांत मुलांना आतोले म्हणून प्रथिनांची पेज दिली, दोन गावांत प्रथिनं नसलेलं गोड सरबत. मग ही मुलं मोठी झाल्यावर संशोधक परत त्यांच्याकडे गेले. ज्या पोरांना जन्मापासून दोन वर्षांपर्यंत पेज मिळाली होती, त्यांची पुरुष म्हणून तासाची कमाई सरबतवाल्यांपेक्षा ४६ टक्के जास्त. तीन वर्षांनंतर ज्यांना सुरू झाली त्यांच्यात हा फरक दिसला नाही. मी आयुष्यभर आकडे शिकवले पण हा आकडा वाचला त्या दिवशी बराच वेळ खुर्चीतून उठलो नव्हतो.

मीना_अंगणवाडीवाली

नमस्कार कीर्तीताई. मी बावीस वर्षं अंगणवाडीत काम करते, धार जिल्ह्यात, माहेर इंदूरचं. वरचं सगळं वाचलं, मोठ्या लोकांनी छान लिहिलंय, मी आपलं रोजचं सांगते.

पहिलं म्हणजे परत मोजा. उंची नेहमी चुकते. दोन वर्षांच्या खालचं मूल झोपवून मोजायचं, वरचं उभं करून, आणि झोपवून घेतलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेमी जास्त येते, म्हणजे कशी मोजली ते लिहिलं नाही तर सगळं गडबड. दोन जणी लागतात, एकीने डोकं धरायचं, दुसरीने गुडघे दाबून पाय सरळ. चप्पल काढा, वेणी-बो काढा. आणि वय विचारून लिहू नका, जच्चा-बच्चा कार्डावर बघा. घरचे "दो साल की" म्हणतात ती कधी वीस महिन्यांची असते कधी अठ्ठावीसची, आणि तक्ता सगळा वयावर आहे ना.

दुसरं, काय खाते हे विचारू नका, तसं विचारलं की सगळ्या म्हणतात "सब खाती है". काल सकाळपासून काय काय तोंडात गेलं ते विचारा. माझा अनुभव सांगते, नव्वद टक्के घरी निघतं चहा-बिस्कीट, डाळीचं पाणी, चहात बुडवून पोळी, आणि दुकानातलं पाच रुपयांचं पाकीट. डाळीचं पाणी म्हणजे पाणीच असतं हो, डाळ भांड्यात खाली राहते आणि ती मोठे खातात. मूल एवढंसं, पोटाची वाटी एवढीशी, तीत पाणी भरलं की भूक मेली. मी बायकांना भांडं तिरकं करून दाखवते, चमच्यावरून ओघळून पडलं तर पातळ, चमच्यावर राहिलं तर बरोबर. ही एक गोष्ट पैसे न लागता बदलता येते.

तिसरं, त्या मुलीचं वेगळं ताट किंवा वाटी आहे का बघा. सगळ्यांच्या थाळीत जेवणारं दोन वर्षांचं मूल किती खाल्लं ते कोणालाच कळत नाही, मोठी भावंडं पटकन संपवतात. वाटीभर घट्ट वरण-भात नाहीतर खिचडी, दिवसातून तीन-चार वेळा, वरून चमचाभर तेल, मधे एकदा-दोनदा केळं, दाण्याचं कूट घालून काहीतरी, खात असतील तर अंडं. अंगणवाडीतून जे खिचडीचं आणि हलव्याचं पाकीट मिळतं ते घरी गेल्यावर सगळ्यांत वाटलं जातं, त्यात आईची चूक नाही, चार मुलं समोर असताना एकीलाच कसं द्यायचं? मी तर आईला म्हणते इथेच कालवून इथेच खाऊ घाल, दहा मिनिटं बस.

चौथं, जुलाब. पावसाळ्यात तीनदा जुलाब झाले तर आधीच्या तीन महिन्यांत आलेलं वजन जातं. ओआरएस आणि झिंकची गोळी पूर्ण चौदा दिवस, जुलाब थांबले म्हणून तिसऱ्या दिवशी बंद करायची नाही. आणि जुलाबात जेवण बंद करतात आजी लोक, ते करू देऊ नका. बरं झाल्यावर पंधरा दिवस एक जेवण जादा.

कुटुंब आमच्या धारकडचं आहे म्हणालात तर सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार, हाडं खूप दुखतात) तपासणी झाली का ते जरूर विचारा, आईची पण. आमच्याकडे खूप आहे. २०२३ च्या जुलैत शहडोलला सिकलसेलचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं तेव्हापासून तपासण्या होतायत, पण कामाला शहरात आलेले लोक सुटतात.

आणि ताई, यादीत नाव घालताना सगळ्यांसमोर "कुपोषित" म्हणू नका. मी म्हणते "इसका वजन बढ़ाना है, तुम और मैं मिल के बढ़ाएँगे". आजीला शत्रू केलं तर घरात पाऊल ठेवता येत नाही, घरात काय शिजायचं ते तीच ठरवते.

सुदामानगर_काका

मीनाताई, आपण लिहिलंत ते मी वर्गात शिकवू शकलो असतो तर काय हवं होतं. ओआरएसवरून सांगतो, डॉ. दिलीप महालनाबीस आठवले. १९७१ ला पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, सलाईन संपत आलेलं, तेव्हा त्यांनी मीठ-साखरेचं मिश्रण पोत्यांनी बनवून नातेवाइकांच्या हाती दिलं आणि तिथली मृत्यूची टक्केवारी ३० वरून ४ च्या खाली आली. तेव्हाही पाजणाऱ्या आयाच होत्या.

पुण्यातला_इंदूरकर

तूप-साखरेवर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय, आणि हे माझ्या फार जवळचं आहे कारण आमच्या घरात वडील, काका, आत्या तिघांना चाळिशीतच डायबिटीस, आणि तिघंही बारीक अंगाचे.

पुण्यात केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साऊदम्प्टनची ३.५ किलोची. एवढी छोटी बाळं म्हटल्यावर सगळंच कमी असेल असं वाटेल ना, तर नाही. स्नायू कमी, पोटाचा घेर कमी, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळजवळ इंग्लंडच्या बाळाइतकी. म्हणजे बारीक दिसणारं आणि आतून चरबी असलेलं बाळ. पुढे २००४ ला त्यांनी आणि लंडनच्या युडकिन यांनी दोघांचा शेजारी-शेजारी फोटो छापला, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, एकाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. तो फोटो मी वडिलांना दाखवला होता.

याचा कीर्तीताईंच्या प्रश्नाशी संबंध असा, की अशा मुलाला नुसती साखर-तूप कोंबून वजन फुगवलं तर अंगकाठी वाढेलच असं नाही, चरबी मात्र वाढेल. हाडं-स्नायूंना डाळ, दूध, अंडं, पालेभाजी, फळं लागतात. त्याच पुण्याच्या अभ्यासात ज्या आयांच्या खाण्यात हिरवी भाजी, फळं आणि दूध जास्त होतं त्यांच्या बाळांचं वजन चांगलं निघालं, आणि निम्म्याहून जास्त बायकांमध्ये बी१२ कमी होतं. (मीनाताईंनी सांगितलेला चमचाभर तेल वेगळा हं, खिचडीत तेल घालणं बरोबरच आहे, मी साखर आणि बिस्किटांबद्दल बोलतोय.)

आणि तिची आई परत गरोदर आहे म्हणालात. मला वाटतं सगळ्यात आधी तिच्याकडे बघा. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये एक मोठा प्रयोग झाला, बायकांना भाजी, फळं, दूध घातलेला रोजचा नाश्ता दिला, तोही गरोदरपणाच्या आधीपासून. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर बाळाच्या वजनात फरक पडला नाही, पण ज्या दिवस जायच्या तीन महिने तरी आधीपासून खात होत्या त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरली, आणि गरोदरपणातला डायबिटीस कमी झाला. ४८ ग्रॅम ऐकायला किती कमी वाटतं, पण उशिरा सुरू केलं तर तेही मिळत नाही हे त्यातून कळतं.

सांख्यिकीचे_आजोबा

आईचा विषय निघालाय तर एक सांगून ठेवतो, कारण इंदुरात हे हटकून ऐकू येतं. "पोहे खा, पोह्यात लोह असतं." गोपालन यांच्या जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम पोह्यांत २० मिलिग्रॅम लोह दिलेलं होतं आणि अख्ख्या देशाने ते पाठ केलं. २०१७ ला राष्ट्रीय पोषण संस्थेने देशभरातून नमुने घेऊन ५२८ पदार्थ नव्याने तपासले, त्यात पोह्यांचं लोह साडेचारच्या आसपास निघालं. तेव्हा त्या बाईला पोहे खाऊ देत, लिंबू पिळून खाऊ देत, पण सरकारी लोहाची गोळी त्यांच्या भरवशावर सोडू देऊ नका. आणि गोळी चहाबरोबर नको, चहाने लोह शोषलं जात नाही.

कीर्ती_रामबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊन आले म्हणून लिहितेय.

मीनाताईंनी सांगितलं तसं दीदींनी आणि मी मिळून परत मोजलं, वेणी सोडून, पाय सरळ करून, तीनदा. उंची ७८.६ आली. पण कार्डावर बघितलं तर मुलगी सव्वीस महिन्यांची निघाली, म्हणजे तक्त्यात आधीपेक्षा अजूनच खाली गेली. मला एकदम रडू आलं, दीदी म्हणाल्या रडू नको, आता आकडा खरा तरी आहे.

आजीशी बोलले. काकांनी सांगितलेलं वाक्य आधी म्हटलं, की तुम्ही तिला उपाशी ठेवत नाही आहात. ती गप्प झाली, मग स्वतःच सांगायला लागली की सून गरोदर असताना शेवटपर्यंत विटा उचलत होती, आणि पोरगी झाली तेव्हा दोन किलोची होती. दोन किलो. ते कार्डावर लिहिलेलं होतं आणि आम्ही कोणी ते पान उलटून बघितलं नव्हतं. मग काल काय खाल्लं विचारलं तर अगदी मीनाताईंची यादी, चहा-बिस्कीट, डाळीचं पाणी, कुरकुऱ्यांचं पाकीट. भांडं तिरकं करून दाखवलं. आजी म्हणाली दाँत तो आ गए, गाढ़ी दे सकते हैं.

आईचं हिमोग्लोबिन ८.४ आहे. गोळ्या घरात होत्या, तीन महिन्यांच्या, उघडल्याच नव्हत्या, कारण मळमळतं. सकाळी उपाशीपोटी चहाबरोबर घेऊन बघितली होती एकदा. रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितलं आहे. सिकलसेलचं विचारलं तर दोघींनी नावही ऐकलेलं नाही, नवऱ्याचा एक भाऊ सतरा-अठराव्या वर्षी "हड्डी के दर्द" मध्ये गेला एवढं आजीने सांगितलं. ते ऐकून दीदींनी लगेच एएनएमना (सरकारी नर्सबाई) फोन केला.

मीनाताई, एक विचारायचं होतं. आईचा सिकलसेलचा रिपोर्ट यायच्या आधी मुलीला लोहाचं सिरप चालू ठेवायचं का थांबायचं? तुमच्याकडे काय करतात?

मीना_अंगणवाडीवाली

ताई हे मी ठरवायचं नाही आणि आपणही ठरवू नका, मेडिकल ऑफिसरांना विचारा, दीरांचं सांगितलंय ते नक्की सांगा. आमच्याकडे अशा घरची सगळी मुलं आधी तपासायला पाठवतो, बोटातल्या रक्ताच्या थेंबावर होतं, आईबरोबरच मुलीचीही करून घ्या. शक्य असेल तर त्या दिवशी आईची मजुरी बुडू नये असं बघा, नाहीतर ती येणार नाही. आमच्या इथे म्हणून मी सकाळी आठला घेऊन जाते.

कीर्ती_रामबाग

तिच्या चार घरांपैकी एक घर माझ्या मैत्रिणीच्या मावशीचं निघालं. मावशींशी बोलले, त्या शनिवारी सुट्टी देतायत, पैसे न कापता. दीदी, मी, आई, पोरगी, आणि आजी म्हणतेय मीपण येणार.